बेचाळिसावी चूल

"धूर सगळा बाहेर घालवलास तर छपराच्या गवतात किडे व्हतील. दर साली नवं गवत तू आणून देशील का?"

ठकूबाई उंबऱ्यावर आडवी बसली होती आणि मी अंगणात चिखलाचं घमेलं घेऊन उभी होते. तिच्या मागे, आतल्या अंधारात, तिची सून ताना तोंडाला पदर लावून हसू दाबत होती.

"आजी, गवत राहील नीट," मी म्हटलं. "पण तुमच्या डोळ्यांचं काय? सकाळपासून पुसताय."

"माझ्या डोळ्यांनी बगायचं व्हतं तेवढं बगून झालं." तिनं हाताने छपराकडे दाखवलं. "त्या धुरावर बियाणं टिकतं माझं. वर टांगलेली कणसं दिसत्यात का तुला? एक दाना किडत न्हाई."

"आत्याबाई, येऊ द्या त्यांना आत," ताना म्हणाली. "पोरगी खोकून खोकून निळी पडती. बायजासाठी तरी."

नातीचं नाव निघालं तशी म्हातारी पाय जवळ घेऊन बाजूला सरकली. मी आत गेले.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, नवऱ्याने सोडलेली, आणि एका संस्थेत निर्धूर चुली बांधायच्या कामाला लागलेली. दहा दिवसांचं शिक्षण झालं होतं आणि त्यात माझा पहिला नंबर आला होता. हाताखाली सहा बाया होत्या. वांजुळदऱ्यात बेचाळीस घरं, आणि होळीनंतरच्या आठवड्यात गाव "धूरमुक्त" म्हणून जाहीर व्हायचं होतं. एक्केचाळीस चुली झाल्या होत्या. त्यातल्या निम्म्या घरांत आम्हाला तानाने नेलं होतं. नवऱ्यांना समजावणं, सासवांशी गोड बोलणं, ओढ्यावरून माती वाहणं, सगळं तिनं केलं. तिची स्वतःची चूल तेवढी सासूमुळे शेवटी राहिली होती.

दोन दिवसांत आम्ही ती बांधली. पुढे मोठं तोंड, मागे दुसरं भांडं ठेवायचं लहान तोंड म्हणजे वैल, आणि वैलाच्या पाठीमागून सिमेंटचा पाईप थेट छपराबाहेर. तानाचा हात मातीवर असा फिरायचा की मला परत लिंपावं लागलं नाही. काठांवर तिनं खडूच्या पाण्याने वेल काढली. ठकूबाईसुद्धा येऊन हात फिरवून गेली.

अडचण पाईपची झाली. प्रत्येक चुलीला तीन तुकडे लागायचे. कौलारू घरात अडीचवर भागायचं, पण गवताच्या छपराला तिसरा पुरा हवा. धुराडं आढ्याच्या वर दोन हात जायला पाहिजे आणि पाईप छपरातून निघतो तिथे भोवती पत्र्याची चकती बसवून गवत हातभर लांब ठेवायला पाहिजे. हे आमच्या शिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तानाच्या वाटणीचा तिसरा तुकडा घाटात ट्रकमध्येच फुटला होता, आणि चकत्या तर संपूनच गेल्या होत्या. दुसरा तुकडा जेमतेम गवताच्या वर आला. खालून बघितलं तर गवतात बोट खुपसल्यासारखा दिसायचा.

मी तानाला समोर बसवलं.

"हे बघ, ही अजून पेटवायची नाही. तिसरा तुकडा आला, चकती बसली, की मग. तोवर ओसरीत तीन दगडांवर कर."

"बरं."

"आणि पेटवशील तेव्हाचं ऐक. ओलं लाकूड घालायचं नाही. लाकूड तोंडाबाहेर लोंबू द्यायचं नाही. गोवऱ्यांची रास चुलीपासून लांब. पंधरा दिवसांनी पाईप वरून झाडायचा, काजळी साचली की तीच पेट घेते. आणि पेटती चूल सोडून पाण्यालासुद्धा जायचं नाही."

तिनं बोटांवर मोजत सगळं परत म्हणून दाखवलं. शेवटच्या बोटावर थांबून म्हणाली, "आणि विझवताना लाकडं भायेर वढून राख टाकायची. ते ऱ्हायलं तुमचं."

मी हसले. खरंच राहिलं होतं.

ताना दिलेला शब्द पाळणारी होती. पुढचे नऊ दिवस ती ओसरीत, वाऱ्यात, तीन दगडांवर भाकरी भाजत होती. आत नवी चूल कोरी पडली होती. म्हातारी येता-जाता म्हणायची, "द्येवासारखी ठिवलीय नुसती." ताना म्हणायची, "बाईंनी सांगितलंय."

दहाव्या दिवशी आमचे फडतरे साहेब आले. ते आमच्या कामाचे पर्यवेक्षक. जीप शाळेपाशी लावून त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"शालनबाई, उद्या जिल्ह्याहून पाहुणे येतायत. फोटो काढणारापण आहे. कुठलं घर दाखवायचं?"

मी तीन-चार घरं सांगितली. त्यांनी मान हलवली.

"ती सगळी वरच्या आळीत. साहेब लोक तेवढं चढणार नाहीत. ते रस्त्याकडेचं घर कुणाचं? चुलीवर वेल काढलीय ते."

"तानाचं. पण तिथे पाईप अपुरा आहे साहेब. चकतीपण नाही."

"बाहेरून दिसतं का?"

"दिसत नाही. पण पेटवता येत नाही."

"तासभर," ते म्हणाले. "चहा होईल एवढीच. तुम्ही स्वतः उभ्या राहा. तासाभरात काय होतंय?"

मी गप्प बसले. त्यांनी त्याला होकार धरलं, आणि तो होकारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तानाच्या घरी गेले. ती ओसरीत भाकऱ्या थापत होती.

"ताना, आज चूल पेटवायची. पाहुणे येणार आहेत."

तिचे हात थांबले. "तुकडा आला का?"

"नाही. पण थोड्या वेळासाठी."

"बाई, तुम्हीच म्हनलं व्हतं..."

"तेव्हा मी म्हटलं होतं, आता पण मीच म्हणतेय ना? मी उभी आहे इथे."

तिनं पीठ हातावरून झटकलं आणि उठली. एवढंच. माझ्या शब्दावर तिनं दहा दिवस चूल पेटवली नव्हती आणि माझ्याच शब्दावर ती पेटवायला निघाली. ठकूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "वर गवत केवढं कोरडं हाय, हात लाव."

पाहुणे दहाला येणार होते, ते आले साडेबाराला. तोवर दोनदा चूल पेटवून दोनदा विझवली. ते आत आले तेव्हा तानाने काटक्यांवर चहाचं आधण ठेवलं होतं. धुराचा मागमूस नव्हता. पाहुण्यांपैकी एका बाईंनी डोळे मोठे करून सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कमाल आहे. पण यावर स्वयंपाक होतो का पूर्ण? मागच्या तोंडावर भात शिजतो?"

"शिजतो ना," फडतरे म्हणाले. "दाखवा, शालनबाई."

ताना माझ्याकडे बघत होती. काटक्यांवर वैलाला आच पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

"घाल ताना," मी म्हटलं. "दोन चांगली लाकडं घाल."

तिनं घातली. सुकं खैराचं लाकूड होतं, तडतडून पेटलं. वैलावर भाताचं आधण खदखदलं. त्या बाईंनी टाळी वाजवली. फोटो निघाला. त्यात चूल आहे, बायजाला कडेवर घेतलेली ताना आहे आणि मी आहे. बायजाला त्या बाईंनी लिमलेटची गोळी दिली.

सगळे बाहेर पडले तेव्हा ताना दारापर्यंत आली.

"विझवू का बाई?"

"भात होऊ दे आता. उगाच वाया कशाला? झाला की विझव." मी जीपमध्ये बसले. पाहुण्यांचं जेवण खालच्या गावात ठेवलं होतं आणि वाढायला मी हवी होते.

पाहुणे पानावर बसले होते, मी वाढत होते. कुणीतरी म्हणालं, वांजुळदऱ्याकडे बघा. मी वळून बघितलं. डोंगराच्या पोटातून काळा धूर सरळ वर चालला होता. निर्धूर गावातून.

जीपने पोचायला वीस मिनिटं लागली. घर राहिलंच नव्हतं. मातीच्या चार भिंती, आणि आत आग. गावातले लोक शेजारच्या छपरांवर ओली पोती टाकत होते. अंगणात ठकूबाई आडवी होती, तिच्या अंगावर कुणाचं तरी लुगडं टाकलेलं. बायजा शेजारणीच्या मांडीवर होती, धड होती. ताना म्हातारीच्या उशाशी बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत सोललेला होता. तो हात ती लांब धरून बसली होती, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"मी विझवली व्हती," तिनं मला पाहताच सांगितलं. "लाकडं भायेर वढली. राख टाकली. मग पान्याला गेले बाई, सगळं पानी चहाला संपलं व्हतं. विझवून गेले. माघारी आले तर वरनं पेटलेलं."

ठिणगी आधीच गवतात जाऊन बसली असणार. गवत आतल्या आत धुमसत जळतं, बाहेर ज्वाळ यायला अर्धा तास लागतो. हेही आम्हाला शिकवलं होतं. म्हातारी बायजाला बाहेर ढकलून बियाण्याच्या कणसांसाठी परत आत गेली होती. तानाने तिला ओढून काढली.

ठकूबाईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर चौकशी बसली. जिल्ह्याहून एक अधिकारी, सरपंच, एक हवालदार, फडतरे आणि मी. समोर ताना आणि तिचा नवरा रावजी. रावजी शांत माणूस होता. त्यानं बायकोचा भाजलेला हात आपल्या उपरण्यात गुंडाळून धरला होता.

सकाळी जीपमध्ये फडतरे माझ्याशी बोलले होते. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"पाईपचं काढू नका, शालनबाई. पाईप निघाला की सगळ्या चुली बंद होतील. तुमच्या सहा बाया घरी बसतील. एक्केचाळीस घरांत पुन्हा धूर. आणि एक बघा, पूर्ण झाली म्हणून कागदावर सही कुणाची आहे? माझी नाही."

सही माझी होती. यादी पुरी दिसावी म्हणून आठवडाभर आधीच केलेली.

अधिकाऱ्यांनी तानाला विचारलं, "चूल पेटती ठेवून कुठे गेली होतीस?"

"पान्याला. पर विझवून गेले व्हते."

"कुणी बघितलं?"

"आत्याबाईंनी."

"त्या बोलू शकत नाहीत. दुसरं कुणी?"

तानाने मान हलवली. मग म्हणाली, "साहेब, पाईप पुरा नव्हता. तिसरा तुकडा यायचा व्हता. बाईंनी सांगितलं व्हतं, तवर पेटवायची न्हाई."

"मग का पेटवलीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. दारात कुणी ओझं घेऊन आलं की आतल्या माणसाने पुढे होऊन हात लावावा, तशी ती माझी वाट बघत होती.

"बाईंनीच पेटवायला लावली," ती म्हणाली. "विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले.

"पाहुण्यांपुरती पेटवायला सांगितली होती," मी म्हटलं. "नंतर विझवायला सांगितलं होतं. पेटती चूल सोडून पाण्यालासुद्धा जायचं नाही, हेही सांगितलं होतं. तिला पाठ होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आणि धुराडं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ती म्हणते तुकडा कमी होता. नियमाप्रमाणे होतं का?"

फडतरे वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं नाही.

"होतं," मी म्हटलं.

ताना ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. ती नुसती खाली बघत राहिली. बोलला रावजी.

"ताना," तो अगदी हळू म्हणाला, "तू इझवली व्हतीस ना?"

"व्हय."

"बाई तर शिकलेल्या हायेत. त्या कशाला खोटं बोलतील?"

आणि त्यानं तिचा हात सोडला. उपरणं तसंच तिच्या हाताभोवती राहिलं, पण हात त्यानं सोडला.

ठकूबाई दवाखान्यातच गेली. तिची कार्यं झाल्यावर तानाचे भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले. म्हणजे त्यांना बोलावणं गेलं होतं. बायजाला रावजीने ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. हे सगळं मला बायांकडून कळत गेलं. मी वांजुळदऱ्याला परत गेले नाही, माझी बदली झाली होती. बढतीवर.

मी काम चांगलं केलं. मला ते येत होतं. नंतरच्या वर्षांत चकतीशिवाय आणि पुऱ्या पाईपाशिवाय मी एकाही गवताच्या घरात चूल बसवू दिली नाही, कुणीही सांगितलं तरी. सहा वर्षांनी मी फडतऱ्यांच्या जागेवर आले. गावोगाव बायांची शिबिरं घ्यायची, चूल कशी वापरायची ते सांगायचं. नुसते नियम सांगितले तर बाया जांभया देतात. गोष्ट सांगितली की ऐकतात. म्हणून मी एक गोष्ट सांगायला लागले.

"एका गावात एक बाई होती. हुशार. सगळे नियम तोंडपाठ. पण एक दिवस पेटती चूल तशीच सोडून ती पाण्याला गेली..."

या गोष्टीला बाया गप्प व्हायच्या. संस्थेने ती छापून घेतली, चित्रासकट. चित्रातल्या बाईच्या डोक्यावर घागर होती आणि मागे घर जळत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चूल सोडून जाऊ नका. मजकूर माझाच होता.

त्या प्रसंगाला आठ वर्षं झाली असतील. आंबेघोळ नावाच्या गावात, मारुतीच्या देवळात माझं शिबिर होतं. पन्नासेक बाया होत्या. मी कागद वाटले, नियम सांगितले आणि गोष्टीला सुरुवात केली. बाई पाण्याला गेली, इथपर्यंत आले आणि मागच्या खांबाला टेकलेल्या एका बाईने पदर सावरला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरट, सुरकुतलेला होता.

आंबेघोळ तानाचं माहेर होतं. मला कधीतरी कुणी सांगितलं असणार. मी लक्षात ठेवलं नव्हतं.

मला थांबता आलं असतं. नियमांकडे वळता आलं असतं. पाणी मागता आलं असतं. पण पन्नास बाया पुढे काय झालं म्हणून माझ्याकडे बघत होत्या आणि माझं तोंड चालूच राहिलं. छप्पर कसं पेटलं ते मी सांगितलं. सासू आत कशी अडकली ते सांगितलं. "पाच दिवस ती म्हातारी तडफडली," मी म्हणाले, "आणि गेली. कशामुळे? एका क्षणाच्या निष्काळजीपणामुळे." नेहमीच्या जागी आवाज खाली आणला, नेहमीच्या जागी थांबले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला.

ताना ऐकत होती. बाकीच्यांसारखीच, लक्ष देऊन.

शेवटी हजेरीपटावर सह्या घेतल्या. रांग पुढे सरकत होती. ती समोर आली आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. मी शाईचा डबा सरकवला. मागे आणखी आठ-दहा बाया होत्या.

"ओळखलंस का, ताना?" मी हळू विचारलं.

"तर काय."

"कशी आहेस?"

"हाय." तिनं अंगठा कागदावर टेकवला, नीट दाबला, उचलला. मग साडीच्या काठाला पुसत म्हणाली, "चांगलं सांगता तुम्ही, बाई. पोरींना कळतं."

मला वाटलं आता ती बोलेल. मला हवं होतं तिनं बोलावं, सगळ्या बायांच्या समोर, मोठ्याने. मी वाट बघत होते.

"फकस्त एक," ती म्हणाली. "आत्याबाई सात दिस जगल्या. पाच न्हाई. मी व्हते तिथं."

आणि ती पायऱ्या उतरून गेली. मागची बाई पुढे आली, तिनं अंगठा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात शिबिर होतं. गोष्ट सांगताना मी सात दिवस म्हणाले. बाकीचं होतं तसंच ठेवलं.